दार जुनं, गल्ला नवा

जुनी कुलपं, कड्या, बिजागऱ्या, पितळी दारं आणि कुठून तरी उतरवलेलं लाकूड यांतून नाण्यांचे गल्ले बनवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. बहुतेक पत्रांमागची अडचण एकच दिसते. आधी खोकं तयार होतं आणि मग त्यात जुनं सामान बसवायची धडपड सुरू होते. क्रम उलटा हवा. जुना भाग वाढवता येत नाही, कापायचा नसतो. लाकूडच काय ते कमी-जास्त करता येतं.

प्रश्न : अमेरिकेतल्या जुन्या टपाल कचेरीतल्या पेटीचं पितळी दार चौकटीसकट मिळालं आहे. त्याच्यामागे गल्ल्याचं खोकं किती मापाचं करावं आणि लाकूड किती लागेल?

सगळी मापं दाराच्या चौकटीवरून घ्या, आणि तीही चौकटीच्या त्या भागाची, जो खोक्याच्या आत शिरणार आहे. पुढची कड बाहेरच राहते, ती मोजू नका. जुनं ओतकाम क्वचितच काटकोनात असतं, म्हणून रुंदी वर आणि खाली, उंची डावीकडे आणि उजवीकडे अशी चार मापं घ्या आणि मोठं माप धरा. त्यात एक मिलिमीटर सैल जागा वाढवा. एवढी फट पुढच्या कडेखाली झाकली जाते. याहून कमी ठेवलीत तर दमट दिवसांत लाकूड फुगून चौकट दाबतं आणि दार अडकायला लागतं.

उदाहरण घेऊ. आत जाणारा भाग ९० × १२५ मिमी आहे. मग खोक्याची आतली मोकळी जागा ९१ × १२६ मिमी. फळी १५ मिमी जाड असेल तर बाहेरचं माप १२१ × १५६ मिमी. खोली ११० मिमी पुरते. वरची आणि खालची फळी प्रत्येकी १२१ मिमी लांब, दोन बाजू प्रत्येकी १५६ मिमी लांब, म्हणजे चौघींची लांबी ५५४ मिमी. करवतीची वाट आणि टोकं धरून ११० मिमी रुंद, ६५० मिमी लांब अशी एकच सरळ फळी घ्या. चारही तुकडे त्याच फळीतून, त्याच क्रमाने कापा : बाजू, वर, बाजू, तळ. लाकडाचे रेषे खोक्याभोवती सलग फिरतात. दिसायला छान हे झालंच, पण खरा फायदा वेगळा आहे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आटतं. चारही तुकड्यांची ती दिशा एकच (पुढून मागे) असली की ते एकत्र हलतात आणि कोपरे फाटत नाहीत. तळाची फळी तेवढी आडवी फिरवून लावली की पहिल्याच कोरड्या ऋतूत सांधा उघडतो.

कोपरे ४५ अंशांत कापून जोडलेले सुबक दिसतात, पण नुसत्या गोंदावर सोडू नका. तिथे लाकडाची टोकं एकमेकांना भिडतात आणि टोकं गोंद पिऊन टाकतात. शिवाय वजन आहे. नाणी ओतली की अंदाजे साठ टक्के जागा धातूची आणि बाकी हवेची असते. एक लिटर जागेत साडेचार ते पाच किलो नाणी मावतात. वरच्या मापाच्या गल्ल्यात, कुलपाची २५ मिमी आणि मागच्या पाटीची जागा सोडून जेमतेम नऊशे घनसेंटिमीटर उरतात, तरी भरलेला गल्ला चार किलोंच्या वर जातो. म्हणून खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बाजूच्या फळीतून तळात शिरणाऱ्या ६ मिमी जाडीच्या दोन-दोन लाकडी खुंट्या ठोका. वरच्या कोपऱ्यांना एकेक पुरते.

मागची पाटी कायमची चिकटवू नका. मागच्या कडेला आतून ६ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल पताम (पायरीसारखी खाच) काढून त्यात ६ मिमीचं प्लाय चार स्क्रूंनी बसवा. कधी ना कधी कुलूप दगा देतं. त्या दिवशी हे चार स्क्रू नसतील तर नाण्यांसाठी खोकं फोडावं लागेल.

प्रश्न : दारावर फिरवायचा आकडी डायल आहे, पण त्याची जुळणी माहीत नाही. कुलूप न फोडता कळेल का?

दार हातात सुटं आहे तोवर नक्की कळेल. मागचं झाकण दोन-तीन स्क्रूंवर असतं, ते काढा. आत डायलच्या दांड्यावर दोन किंवा तीन चकत्या दिसतील, प्रत्येकीच्या कडेला एक खाच. सगळ्या खाचा एका ओळीत, खिटीच्या बोटाखाली आल्या की खिटी आत सरकते. एवढंच गुपित आहे.

डायल एका दिशेला तीन-चार पूर्ण फेरे फिरवा, म्हणजे सगळ्या चकत्या एकमेकींना धरून फिरू लागतात. डायलपासून सर्वांत लांब असलेल्या चकतीची खाच बोटाखाली आली की थांबा आणि पुढून खूण वाचा. हा पहिला आकडा. आता उलट दिशेने फिरवा. दुसरी चकती लगेच हलणार नाही, डायल आधी तिला पकडेल. पहिली खूण एकदा ओलांडून पुढे जाताना तिची खाच जुळली की दुसरा आकडा मिळाला. मग पुन्हा पहिल्या दिशेला वळून तिसरा. दोनच चकत्या असतील तर काम आणखी सोपं. आकड्यांबरोबर दिशा आणि फेऱ्यांची संख्याही लिहा. नुसते आकडे लिहून ठेवणाऱ्यांना महिन्याभरात पुन्हा झाकण उघडावं लागतं.

चकत्या जड फिरत असतील तर तेल घालू नका. बहुतेक वेळा जुनं वाळलेलं तेलच त्यांना धरून बसलेलं असतं. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने ते धुऊन काढा, पूर्ण वाळू द्या आणि ग्राफाइटची चिमूटभर पूड टाका. मागचं झाकण उघडं ठेवून जुळणी ओळीने दहा वेळा लावून पाहा. दहाही वेळा उघडलं तरच दार खोक्यात बसवा.

प्रश्न : गल्ल्याच्या फटीत नाणी आडवी अडकतात. फट मोठी केली तर उलटा करून नाणी बाहेर काढता येतात. मग करायचं काय?

फट मोठी करू नका. बिघाड तिच्याखाली आहे. पण आधी माप तपासू. घरात येणाऱ्या सर्वांत रुंद नाण्याच्या व्यासात ३ ते ४ मिमी आणि सर्वांत जाड नाण्याच्या जाडीत दीड ते दोन मिमी मिळवा. ही दोन नाणी वेगवेगळी असू शकतात, इथेच गफलत होते. दोन युरोचं नाणं २५.७५ मिमी व्यासाचं आणि २.२ मिमी जाड आहे. त्याला ३० × ४ मिमीची फट भरपूर झाली. अमेरिकी अर्ध्या डॉलरचा व्यास ३०.६ मिमी, म्हणजे तिथे ३४ मिमी लांबी हवी. जाडीच्या दिशेने चार मिमीच्या पुढे गेलात की दोन नाणी एकदम शिरतात आणि पाचरीसारखी एकमेकांना अडकवतात. बहुधा तुमच्याकडे हेच होतंय.

फटीची लांब बाजू रेषांच्या दिशेने ठेवा. आडवी कापली तर कडेला तोकडे रेषे उरतात आणि नाण्यांच्या घासण्याने त्यांचे टवके उडतात. दोन्ही टोकांना ४ मिमीची भोकं, मध्ये भोकांची रांग, मग बारीक पटाशी आणि चपटी कानस. खालच्या बाजूने फट जराशी पसरट करा, वरच्यापेक्षा एखादा मिमी जास्त. वरून अरुंद आणि खाली रुंद अशी फट अडकत नाही. उलट झाली तर दर चौथ्या नाण्याला अडकेल.

फटीची जागाही पाहा. ती कुलपाच्या बरोबर वर आली तर नाणी चकत्यांमध्ये किंवा खिटीच्या मागे जाऊन बसतात आणि दार आतून अडकतं. फट मागच्या अर्ध्या भागात हवी. शिवाय कुलपाच्या आतल्या बाजूला पत्र्याचं वाकवलेलं आवरण लावा. हा अर्ध्या तासाचा उद्योग टाळल्यामुळे चांगले चांगले गल्ले बाद होतात.

उलटा करून नाणी काढण्यावर उपाय म्हणजे तिरका पत्रा. फटीच्या खाली सुमारे १५ मिमी अंतरावर, ४५ अंशांत, फटीच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे १० मिमी जास्त असा पितळी किंवा जस्ताचा पत्रा मागच्या बाजूला अडकवा. नाणं त्यावर पडून पुढे घसरतं. उलटं केलं की नाणी पत्र्याच्या पाठीवर येऊन थांबतात, फटीपर्यंत पोचत नाहीत. पत्र्याची खालची कड आणि समोरचा भाग यांत मात्र मोठ्या नाण्याच्या व्यासाहून १० मिमी जास्त जागा ठेवा. तेवढी नसेल तर नाणी तिथेच पूल बांधतात. पत्र्याच्या कडा कानशीने मारा, नाणी काढताना हात तिथेच जातो.

जुन्या कपाटाच्या कुलपाची, चावीच्या भोकाभोवतीची पितळी पाटी फटीवर बसवायची हौस अनेकांना असते. दिसते सुंदर. पण तिचं भोक कानशीने वाढवावं लागणार असेल तर ती दुसरीकडे वापरा आणि फटीसाठी साधी पितळी पट्टी कापा.

प्रश्न : पितळी कडी लिंबू-मीठ लावून रात्रभर ठेवली. सकाळी ती पिवळी न होता तांबूस-गुलाबी निघाली. खराब झाली का?

वरचा थर खराब झाला, कडी नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ल रात्रभर राहिलं की ते पृष्ठभागावरचं जस्त खाऊन टाकतं आणि मागे तांबं उरतं, तोच हा गुलाबी रंग. बारीक पॉलिश पावडरीने घासत राहिलात तर खालचं पितळ पुन्हा दिसेल; उठावदार नक्षीच्या खोबणीत थोडी लाली राहील, ती राहू द्या. पुढच्या वेळी लिंबू-मीठ फक्त एक-दोन मिनिटं, मग भरपूर पाणी, खायच्या सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी आणि लगेच कोरडं फडकं.

त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली, चुंबक. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. तो कडक घासला की गेला. दुसरी, वर जुनं लाखेचं किंवा लॅकरचं पॉलिश आहे का. असेल तर डाग पट्ट्यापट्ट्यांत दिसतात आणि कुठलंही आम्ल नीट काम करत नाही. एक लिटर उकळत्या पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून वस्तू वीस-तीस मिनिटं ठेवा, पापुद्रा सुटतो. भांडं स्टीलचं घ्या. अॅल्युमिनियम सोड्याने खाल्लं जातं.

अमोनिया असलेलं काही वापरू नका. वाकवून, ठोकून घडवलेल्या पितळेत ताण साठलेला असतो आणि अमोनियाने त्यात भेगा पडतात. ब्रिटिश सैन्याने भारतात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली आणि त्यांची पितळी कवचं अशीच तडकली, हा धातुशास्त्रातला नेहमी सांगितला जाणारा दाखला आहे.

आणि सगळंच चकचकीत करायचा अट्टहास कशाला? हाताळून गुळगुळीत झालेल्या उंचवट्यांवर चमक आणि खोबणीत काळसरपणा, एवढं ठेवलं तर अक्षरं आणि नक्षी वाचता येते. पूर्ण घासलेली जुनी कडी नव्या नकलेसारखी दिसते. शेवटी मेणाचा पातळ हात पुरे.

प्रश्न : लोखंडी कोयंडा आणि छोटं कुलूप गंजून एकजीव झालं आहे. कसं सोडवू?

एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून त्यात बुडवा. दर दोन तासांनी काढून ब्रशने घासा. पातळ गंज दोन-चार तासांत सुटतो, जाड थराला रात्र लागते. त्याहून जास्त ठेवू नका, नाहीतर चांगलं लोखंडही खडबडीत होतं. कुलपातली स्प्रिंग काढता येत असेल तर आधी काढा. आम्लात कठीण पोलादाची स्प्रिंग ठिसूळ होते आणि नंतर दाबताच तुटते. बाहेर काढल्यावर सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच गरम हवेत वाळवा. दहा मिनिटं ओलं राहिलं तरी नारिंगी गंज परत येतो. मग तेल किंवा मेण.

धुण्याचा सोडा आणि बारा व्होल्टचा वीजपुरवठा वापरूनही गंज काढतात. तसं करणार असाल तर गंजलेली वस्तू एका टोकाला जोडल्यावर उरलेल्या दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साध्या लोखंडाचा तुकडा लावा. खोली उघडी ठेवा, कारण हायड्रोजन निघतो. पितळेला ही पद्धत लावायची नाही.

प्रश्न : कोणतं जुनं लाकूड वापरू नये?

हिरवट झाक असलेलं, बाहेरच्या कुंपणाला किंवा ओट्याला लावलेलं लाकूड नको; त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण मुरवलेलं असू शकतं. रेल्वेचे काळे स्लीपरही नकोत, त्यांत क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल असतं. मालाच्या पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर) शिक्का पाहा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्यावर ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं असतं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते बाजूला ठेवा. शिक्काच नसेल किंवा तेलाचे, रसायनांचे डाग असतील तरीही तेच.

जुना रंग हा सर्वांत मोठा धोका. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला. तो कोरडा घासू नका, तापवून काढू नका. रंग उतरवायचं रसायन लावा किंवा ओल्या पॉलिश पेपरने घासा, मास्क घाला आणि निघालेला लगदा वेगळ्या पिशवीत टाका. रंगाचे सुंदर पापुद्रे तसेच ठेवून वर वॉर्निश मारायची कल्पना भिंतीवरच्या चित्रचौकटीला ठीक. मुलांच्या हातात जाणाऱ्या गल्ल्याला नाही.

लाकडातून ताजी पिवळसर पूड गळत असेल तर कीड जिवंत आहे. गल्ला करण्याआधी फळी ओव्हनमध्ये वरच्याच हिशेबाने तापवा, म्हणजे गाभा ५६ अंशांना अर्धा तास. आणि रंधा लावण्याआधी फळीवरून चुंबक फिरवा. मोडलेला एक खिळा रंध्याचं पातं बाद करतो.

प्रश्न : जुन्या सागवानाला गोंद धरतच नाही. दोनदा जोडलं, दोनदा सुटलं.

सागात तेलकटपणा असतो, आणि जुन्या पृष्ठभागावर वर्षानुवर्षांचं मेण, धूळ. पाण्याचा एक थेंब टाका. तो मण्यासारखा उभा राहिला तर गोंदही तसाच राहणार. जोडायच्या जागेवर रंध्याचा ताजा हात फिरवा, अॅसिटोनने पुसा, उडून जाऊ द्या आणि त्याच तासाभरात जोडा. उद्यावर टाकलंत तर तेल पुन्हा वर येतं. पांढरा गोंद क्लॅम्पमध्ये तासभर धरा, पण ताण द्यायच्या आधी पूर्ण दिवस जाऊ द्या. क्लॅम्प इतका आवळू नका की सगळा गोंद बाहेर येईल. तरीही शंका वाटली तर इपॉक्सी वापरा.

फळी नुकतीच बाहेरून आणली असेल तर दोन आठवडे घरात उभी ठेवून मगच कापा.

प्रश्न : पितळी स्क्रू बसवताना डोकं तुटून मान लाकडात राहिली.

कठीण लाकडात साडेतीन मिमीच्या स्क्रूसाठी अडीच मिमीचं भोक आधी पाडा. त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू पूर्ण बसवून काढून घ्या. आटे तयार होतात. मग पितळी स्क्रूला मेण लावून हाताने बसवा. साबण नको, तो ओल धरतो. सागात किंवा ओकमध्ये लोखंडी स्क्रू ठेवलात तर लाकडातल्या टॅनिनमुळे त्याच्याभोवती काळं वर्तुळ उमटतं. अडकलेली मान काढायला तिच्या मापाहून जरा मोठी पातळ नळी दातेरी करून भोवतीचं लाकूड कोरा आणि भोकात त्याच लाकडाची खुंटी चिकटवा.

प्रश्न : आतून जवसाचं तेल लावलं. तीन महिने झाले, गल्ला उघडला की वास येतो.

बंद खोक्यात हवा नाही, तेल वाळणार कसं? दार आणि मागची पाटी काढून हवेशीर जागी ठेवा, वास बसला की आतून लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या. बाहेरून तेल चालेल. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तळाला लोकरीचा फेल्ट चिकटवायला हरकत नाही, पण रबर किंवा पीव्हीसी नको. त्यातल्या गंधकाने आणि क्लोरीनने नाणी काळी-हिरवी पडतात. संग्रहातली मौल्यवान नाणी तर कुठल्याच लाकडी गल्ल्यात टाकू नयेत.

प्रश्न : कड्यांसाठी एक जुनं कपाट मोडायचा विचार आहे. योग्य ठरेल का?

कपाट उभं राहत असेल तर नाही. सुटी पडलेली, जोडी हरवलेली कडी आणि मोडक्या फळ्या भरपूर मिळतात. धडधाकट वस्तू मोडून तिच्या चार कड्यांचा गल्ला करण्यात कारागिरी कसली! जुना भाग लावतानाही तो उद्या स्क्रू काढून जसाच्या तसा परत मिळेल असाच बसवा. नवं भोक पाडायचं ते लाकडात. कारखान्याचा शिक्का, पेटीचा क्रमांक, पेटंटची तारीख असलेली बाजू घासू नका. ती वस्तूची ओळख आहे.

प्रश्न : दाराची छोटी काच तडकली आहे. नवी कशी बसवू?

मागच्या पट्ट्या किंवा पितळी कान हळूच उचला, एकदाच. पुन्हा पुन्हा वाकवले की तुटतात. चौकटीच्या प्रत्येक बाजूने अर्धा मिमी लहान, मूळ जाडीची काच कापून घ्या आणि कोपऱ्यांवर सिलिकॉनचे चार ठिपके देऊन बसवा. ठिपक्यांसाठी आम्लाचा वास न येणारं सिलिकॉन निवडा, आंबट वासाचं पितळेला हिरवं करतं. काचेच्या आतल्या बाजूला २ मिमीचा अॅक्रिलिकचा तुकडा ठेवा. वरून पडणारी नाणी त्याच्यावर आदळतील, काचेवर नाही.